मधला स्पीकर

आपल्या नंदुरबार भागात बहुतेक घरांची एखादी लेक किंवा आत्या गुजरातेत दिलेली असते. माझं उलटं झालं. मी बडोद्याची, आणि सासर इकडे. सयाजीराव महाराजांच्या काळात नोकरीनिमित्त तिकडे गेलेल्या मराठी घरांपैकी आमचं एक. माझ्या लहानपणी आम्ही शहरात भाड्याच्या घरात राहायचो. पुढे दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, छाणीला टेनामेंट घेतलं. टेनामेंट हा बडोद्याचा शब्द. दोन घरांत एक भिंत सामाईक, पुढे हातभर अंगण, आणि बैठकीच्या खोलीत झोपाळा. झोपाळ्याशिवाय घर तिकडे घर वाटत नाही, मग माणसं मराठी असोत की गुजराती.

छाणी शहराच्या उत्तर अंगाला, अहमदाबादच्या वाटेवर. २०२० साली जवळच छायापुरी नावाचं स्टेशन झालं. शहर वाढत येऊन भिडलं असलं, तरी मूळ गाव जुनं आहे, जैन मंदिरांचं आहे. इथल्या घरांतून इतक्या जणांनी दीक्षा घेतली की दीक्षेचं गाव अशीच त्याची ओळख आहे. हे सांगण्याला कारण आहे. गेली दोन वर्षं आमच्या अण्णांबद्दल घरात एक विनोद चालू होता, की अण्णांना छाणीचा गुण लागला.

अण्णा आता ऐंशीचे. रेल्वेत नोकरी केली, पण जीव नाटकात. बडोद्याच्या हौशी मराठी मंडळींच्या नाटकांत त्यांनी कधी काम केलं नाही. ते प्रॉम्प्टर. महात्मा गांधी नगरगृहाच्या विंगेत स्टुलावर बसून, गुडघ्यावर वही, हातात बारीक टॉर्च. त्यांचा एक नियम होता. प्रॉम्प्टरचा शब्द नटाला पोचला पाहिजे आणि पहिल्या रांगेला ऐकू येता कामा नये. असा माणूस हळूहळू संध्याकाळीच जेवून खोलीत जायला लागला. टीव्हीपुढे बसेनासा झाला. फोनवर मी काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "बरं आहे." आम्ही म्हटलं, वय झालं, विरक्ती आली. वहिनी म्हणायची, शेजारच्या मासींसारखे चौविहार पाळतात. सगळे हसायचे. मीही हसायचे.

गेल्या दिवाळीत दादानं होम थिएटर वाढवायचं काढलं. २००४ साली हौसेनं घेतलेले दोन उभे स्पीकर त्याच्याकडे होतेच. अजून ठणठणीत आहेत. त्यांना जोडून नवा रिसीव्हर आणला, मागे लावायला दोन छोटे स्पीकर आणि एक जाडजूड सबवूफर. एकूण पाच खोकी. पाच अधिक एक अशा पद्धतीला खरं तर पाच स्पीकर आणि एक सबवूफर लागतो. पाचवा स्पीकर टीव्हीच्या खाली, बरोबर मध्ये बसतो. दुकानदार म्हणाला, तुमचे पुढचे दोन मोठे आहेत, मधला नंतर घ्या, काही अडत नाही. दादानं ऐकलं. दुकानदाराचं म्हणणं साफ चूक होतं असंही नाही. ते कोणासाठी बरोबर आणि कोणासाठी चूक, एवढाच प्रश्न होता.

पाडव्याला, तिकडच्या बेसता वर्षाच्या संध्याकाळी, उद्घाटन झालं. दादानं सिनेमातला एक पावसाचा प्रसंग लावला. पाऊस समोरून सुरू होऊन डोक्यावरून मागे गेला, आणि वहिनी खरोखर उठून गच्चीतल्या कपड्यांकडे धावली. भाचा खूश. मग एक विनोदी चित्रपट लावला. अण्णांना आग्रह करून झोपाळ्यावर बसवलं होतं. झोपाळा खोलीच्या उजव्या अंगाला, मागे खिडकीजवळ. मागचा उजवा स्पीकर त्यांच्या कानापासून जेमतेम दोन फुटांवर टांगलेला.

एक संवाद झाला, आम्ही सगळे हसलो. अण्णाही हसले. पण अर्ध्या क्षणानं, आणि पडद्याकडे नाही, आमच्या तोंडाकडे बघून.

वाचकहो, मी वीस वर्षं वर्गात शिकवते आहे. शेवटच्या बाकावरचा मुलगा समजल्यासारखी मान डोलावतो ती कशी असते, हे मला दुरून कळतं. घरातल्या माणसाची मान ओळखायला मला दोन वर्षं लागली. अण्णांना विरक्ती आली नव्हती. त्यांना शब्द कळत नव्हते.

शब्द कळत नव्हते असं म्हणते, ऐकू येत नव्हतं असं नाही. उतारवयात कानाची झीज सुरू होते ती बहुधा वरच्या पट्टीकडून. स्वर जाड असतात, ते पोचतात. स, श, फ, त, क ही व्यंजनं बारीक, ती आधी गळतात. मग 'पाच' आणि 'काच' सारखेच. ओरडून सांगितलं तरी उपयोग नाही, कारण ओरडण्यात स्वरच मोठे होतात. त्यात मागून पार्श्वसंगीत सुरू झालं की उरलासुरला शब्दही बुडतो. आणि आम्ही नेमकं ते संगीत त्यांच्या कानाशी नेऊन टांगलं होतं.

रात्री मी आमच्या कॉलेजातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांना फोन केला. मी मराठीची, यातलं मला काय कळणार? त्यांचा पहिला प्रश्न, "मधला स्पीकर आहे का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग तुमच्या वडिलांना संवाद कुठून ऐकू येणार, मॅडम?"

त्यांनी समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. अशा चित्रपटांत पात्रांचं बोलणं बहुतेक सगळं मधल्या वाटेनं येतं. डावी-उजवी वाट संगीताला आणि हालचालींना, मागच्या दोन आजूबाजूच्या वातावरणाला. मधला स्पीकरच नसेल, तर रिसीव्हर ते बोलणं डाव्या-उजव्यात वाटून टाकतो. बरोबर मध्यावर बसलेल्या माणसाला ते पडद्यातूनच आल्यासारखं भासतं. पण तो भास आहे. माणूस बाजूला सरकला की मोडतो, कारण जो आवाज आधी पोचतो तिकडूनच सगळं आलं असं कान धरून चालतो. हेल्मुट हास नावाच्या जर्मन अभ्यासकानं १९४९ साली आपल्या प्रबंधात याचा अभ्यास केला होता. शिवाय तोच आवाज दोन जागांहून आल्यामुळे प्रत्येक कानाला तो दोनदा, किंचित मागेपुढे मिळतो, आणि त्यात २००० हर्ट्झच्या आसपासचा भाग दबतो. व्यंजनं ओळखायला तोच भाग फार लागतो. तरण्या कानाला हे जाणवतही नाही. अण्णांच्या कानाला तेवढंच शिल्लक होतं, तेही आम्ही कापलं.

चित्रपटगृहांना हे फार पूर्वीच कळलं होतं. १९५३ च्या 'द रोब' या सिनेमास्कोपमध्ये आवाजाचे चार पट्टे होते: डावा, मधला, उजवा, आणि चौथा प्रेक्षकांच्या भोवतीचा. मधला कर्णा पडद्याच्या मागे असतो आणि आवाज यावा म्हणून पडद्याला बारीक भोकं असतात. आपण पाहतो तो पांढराशुभ्र पडदा मुळात चाळणी आहे, हे मला या वयात कळलं. अण्णांनी 'शोले' मुंबईला मिनर्व्हात पाहिला होता, सत्तर मिलिमीटरचा, स्टिरिओ आवाजाचा. नाणं खाली पडलं तेव्हा शेजारचा माणूस खुर्चीखाली वाकून शोधायला लागला, ही गोष्ट आम्ही लहानपणी शंभरदा ऐकली आहे. तेच अण्णा आता सिनेमाच्या नावानं खोलीत जात होते.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ओवाळून झाल्यावर दादानं विचारलं, "काय हवं तुला?" मी म्हटलं, "मधला स्पीकर."

त्याला आधी गंमत वाटली. मी अण्णांचं सांगायला लागले तसा त्याचा चेहरा उतरला, आणि मग तो चिडला. "एवढं सगळं मी कोणासाठी केलं? अण्णांनी बाहेर येऊन बसावं म्हणूनच ना? चार दिवस येतेस आणि दोष काढतेस." त्याचं बोलणं लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. अण्णांना रोज औषध तोच देतो. मी देते फक्त फोन. वहिनीनं दोघांच्या पानात बासुंदी वाढली आणि म्हणाली, "खरं काय ते अण्णांनाच विचारा की." विचारायला गेलो. अण्णा म्हणाले, "बरं आहे."

मधला स्पीकर लगेच आणणं शक्य नव्हतं. दिवाळीनंतर गुजरातेत दुकानं उघडतात ती लाभपाचमीला. मधले दिवस रिकामे, आणि घरात थोडा अबोला. त्या रिकाम्या दिवसांत, पैसे न घालता जे करता येतं ते आम्ही केलं. आज वाटतं, दुकानं बंद होती तेच बरं झालं.

पहिला शोध भाच्याचा. त्याला संशय होता की पुढच्या दोन स्पीकरांपैकी एकाची तार उलटी लागली आहे. तारा बसवून देणाऱ्याकडून लाल-काळ्याची अदलाबदल झाली असेल, तर एका स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. मग मधोमध भासणारा आवाज पोकळ होतो आणि जाड सूरही मरतात. त्यानं रिसीव्हर बंद केला, तारा सोडवल्या, आणि घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर तारेच्या टोकांना टेकवला. उजव्याचा पडदा बाहेर आला, डाव्याचा आत गेला. दादा काही बोलला नाही, पण तारा त्यानंच सुलट केल्या.

मग खोली. टाइल्सची फरशी, मोकळ्या भिंती, काचेची खिडकी. अशा खोलीत शब्द उच्चारला की त्याची शेपटी मागे रेंगाळते. माळ्यावरची जुनी सतरंजी काढली, खिडकीला जाड पडदा लावला. टाळी वाजवून पाहिली, तर खोली बदलल्यासारखी वाटली. ज्यांच्या घरी नुसता टीव्ही आहे त्यांनीही हे करून पाहावं, फुकट आहे.

सबवूफर दादानं सामाईक भिंतीला चिकटवून ठेवला होता. भिंतीपलीकडे मासी, सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या आणि लवकर झोपणाऱ्या. जाड सूर भिंत मानत नाहीत. मासी एकदाच म्हणाल्या होत्या, "रोज रात्रे कोई खांडे छे?" म्हणजे रोज रात्री कुणी कांडतंय का? सबवूफरला जागा शोधायची एक पद्धत आहे. तो उचलून आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, जाड सुरांचं काहीतरी लावायचं, आणि आपण गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेनं फिरायचं. जिथे आवाज एकसारखा, न घुमणारा वाटेल, ती त्याची जागा. पन्नाशीचा दादा सतरंजीवर रांगत होता, मागे भाचा. अण्णा खोलीतून पाणी प्यायला बाहेर आले, थांबले, आणि म्हणाले, "या वयात रांगायला लागलास?"

न विचारता त्यांनी काढलेलं ते चार दिवसांतलं पहिलं वाक्य. वहिनी हसत सुटली, दादाही जमिनीवर बसून हसला. अबोला तिथे संपला. सबवूफर टीव्हीच्या डाव्या कोपऱ्याजवळ गेला, खाली रबराचे तुकडे.

मागचे स्पीकर कुठे असावेत याचे आंतरराष्ट्रीय दंडक आहेत. श्रोत्याच्या नाकासमोर शून्य अंश धरला, तर पुढचे दोन तीस-तीस अंशांवर आणि मागचे दोन शंभर ते एकशेवीस अंशांच्या दरम्यान. म्हणजे ते खरे मागे नसतातच, कानांच्या किंचित मागे असतात. आमच्याकडे उजवीकडे त्या अंशांवर नेमका झोपाळा येतो. झोपाळा हलवायचा म्हणजे छताच्या कड्या हलवायच्या, आणि अण्णांना झोपाळ्यावरून उठवायचं म्हणजे पुन्हा खोलीत पाठवायचं. भाच्यानं चार कागद खराब केले. शेवटी ठरलं, नियम अण्णांना वाकवण्यापेक्षा स्पीकर वर जाऊ दे. दोन्ही मागचे स्पीकर मागच्या भिंतीवर सात फुटांवर चढवले, तोंडं खोलीच्या मध्याकडे. पाऊस आता पूर्वीइतका अंगावर येत नाही. दादाला याचं थोडं वाईट वाटलं, आणि त्याचं वाईट वाटणं मला योग्यच वाटतं. हौसही खरी असते.

लाभपाचमीला मुहूर्ताचं दुकान उघडलं आणि आम्ही दारात उभे. मधला स्पीकर साडेनऊ हजारांचा, आडवा, लांबोळका, पोळपाटापेक्षा थोडा मोठा. पैसे दादानं दिले, माझी ओवाळणी म्हणून. टीव्हीखाली ठेवला, समोरून किंचित उचलला, की तोंड बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे व्हावं. कपाटाच्या पोटात ढकलला तर आवाज कोंदतो.

रिसीव्हर प्रत्येक स्पीकरचं श्रोत्यापासूनचं अंतर विचारतो. आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो, म्हणजे एक फूट-सव्वा फुटामागे एक मिलिसेकंद. जवळच्या स्पीकरला तो तेवढा थांबवून ठेवतो, म्हणजे सगळे एका वेळी पोचतात. भाचा टेप घेऊन झोपाळ्यापाशी उभा. "आत्या, अण्णा झोका घेतात तेव्हा अंतर बदलतं. कुठलं लिहू?" अण्णांनी पाय टेकवून झोपाळा थांबवला. त्यांच्यावरून काहीतरी मोजलं जातंय, हे त्यांना कळलं असावं.

मग मधल्याचा आवाज तीन डेसिबलनं वाढवला, मागच्यांचा तेवढाच उतरवला. रात्रीसाठी एक सोय असते, तीत धडाम्-धुडूम दबतं आणि कुजबुज वर येते. तीही चालू केली. मासींसाठीही ती बरी.

त्या रात्री काय लावायचं यावर वाद झाला. भाच्याला मारामारी हवी होती. वहिनी म्हणाली, आज अण्णांचं. मोबाइलवर शोधून 'नटसम्राट' नाटकाचं एक जुनं मुद्रण लावलं. शिरवाडकरांचं हे नाटक रंगमंचावर आलं १९७० साली, आणि अण्णांनी बडोद्यातल्या हौशी प्रयोगांना त्याचं प्रॉम्प्टिंग केलं आहे. बेलवलकरांची लांबलचक स्वगतं म्हणजे प्रॉम्प्टरच्या पोटात गोळा.

नाटक सुरू झालं आणि दादा अस्वस्थ झाला. उठून एका स्पीकरला कान लावला, मग दुसऱ्याला. "अरे, हे बंद आहेत!" मागचे दोन गप्प. पुढचे दोन मोठे गप्प. सबवूफर गप्प. बोलत होता तो साडेनऊ हजारांचा एकटा मधला. भाच्यानं उलगडा केला. जुनं मुद्रण एकपदरी आहे, डावीकडे जे तेच उजवीकडे. दोन्हीकडे जे सारखं असतं ते मध्यातलं असं धरून रिसीव्हर ते मधल्याकडे पाठवतो, आणि बाकीच्यांना देण्यासारखं काही उरतच नाही. दादा कपाळाला हात लावून बसला. एवढा खर्च, आणि पाच खोकी मुकी.

मी अण्णांकडे पाहत होते. झोपाळा थांबलेला. हात गुडघ्यावर उताणा, वही धरल्यासारखा. ओठ हलत होते. आधी मला वाटलं, नटाच्या मागून म्हणताहेत. मग लक्षात आलं, मागून नाही. अर्धं वाक्य पुढे. शब्द त्यांच्या ओठावर आधी यायचा आणि मग टीव्हीतून. एका ठिकाणी नट जरा रेंगाळला, तर अण्णांनी तळहातानं झोपाळ्याच्या फळीवर हलकेच टकटक केली. दादानंही ते पाहिलं. तो त्या मुक्या खोक्यांबद्दल पुन्हा काही बोलला नाही.

मधल्या अंकात अण्णा म्हणाले, "याचं पाठांतर कच्चं आहे." मग बडोद्याच्या प्रयोगात कोण कुठे अडकलं होतं ते सांगत बसले, अकरा वाजेपर्यंत. मध्येमध्ये आम्ही बोललेलं त्यांना कळलं नाही, तेव्हा मात्र ते पहिल्यांदाच म्हणाले, "पुन्हा सांग." 'बरं आहे' नाही, 'पुन्हा सांग'.

म्हणजे स्पीकरनं कान बरे झाले, असं कुणी समजू नये. माणूस समोर बोलतो तेव्हा त्याच्या गळ्याला तीन डेसिबल वाढवायची कळ नसते. जानेवारीत दादा त्यांना कानाच्या तपासणीला घेऊन गेला. आलेख काढला. खालच्या पट्टीत बरा, वरच्या पट्टीत उतरत गेलेला, दोन्ही कानांत. यंत्र बसवायला अण्णा दोन महिने तयार नव्हते. लोकांना दिसेल म्हणाले. ज्यानं उभं आयुष्य लोकांना न दिसता काढलं, त्याला आता दिसायची लाज वाटत होती. शेवटी भाचा म्हणाला, "अण्णा, हा तुमचा प्रॉम्प्टर. फक्त तुम्हालाच ऐकू येणार." मग घेतलं.

गेल्या आठवड्यात फोन केला, तर स्वतःच बोलायला लागले. म्हणाले, "अगं, हा झोपाळा किती कुरकुरतो! कड्यांना तेल घाला म्हणून रोज सांगतो. घरात एकालाही ऐकू येत नाही."

मी दादाला विचारलं. तो म्हणाला, हो, कुरकुरतो, कधीपासूनच कुरकुरतो. तेल घालायचं राहून जातंय.